रेकॉर्डिंगमधली घरघर आणि घुमणारा आवाज: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

मुलाखत चालू असताना सगळं स्वच्छ ऐकू येतं. घरी येऊन फाइल लावली की माणूस रिकाम्या हौदात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो आणि मागे एकसारखी घरघर असते. मग नवा माइक आणला जातो, आणि पुन्हा तेच होतं. सातारा-सांगलीत पॉडकास्ट करायला शिकणाऱ्यांच्या तोंडी ही तक्रार इतक्या वेळा येते की तिचं मूळ एकदा नीट उकलून सांगायला हवं.

बहुतेक वेळा दोष माइकमध्ये नसतो. तो असतो तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतरात, खोलीत, घरच्या विजेत, नाहीतर फोन आपल्या नकळत करत असलेल्या दुरुस्त्यांत. त्यात एक सवय या सगळ्याला खतपाणी घालते: बोलणं आणि त्या जागेचं वातावरण एकाच वेळी, एकाच माइकमध्ये पकडायची. बोलणं वेगळं घ्या, जागा वेगळी घ्या. खालच्या बऱ्याच दुरुस्त्यांची मग गरजच पडत नाही.

रेकॉर्ड करताना दोष कळत नाही याचं कारण साधं आहे. समोरच्या माणसाकडे लक्ष असलं की दोन कान आणि मेंदू मिळून पंख्याचा, फ्रिजचा, भिंतीवरून परतणारा आवाज मागे सारतात. माइकला ती सोय नाही; येईल तो आवाज तो सारख्याच इमानाने घेतो. म्हणून रेकॉर्डिंग चालू असतानाच कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथचा नको. त्यात आवाज उशिरा पोहोचतो, आणि फोनने त्याचाच माइक धरला तर अख्खी मुलाखत फोन कॉलच्या दर्जाची होऊन बसते.

एक मिनिटाची चाचणी

जिथे बसून बोलायचं आहे तिथेच, पंखा-दिवे जसे असणार तसेच ठेवून, एक मिनिट रेकॉर्ड करा. पहिले वीस सेकंद कुणीही बोलायचं नाही. नंतर नेहमीच्या आवाजात थोडं बोला आणि त्यात ही गावं घ्या: पाटण, फलटण, भुईंज, भिलवडी, पलूस. मग ही: सातारा, सांगली, शिराळा, शिरवळ, सज्जनगड. शेवटी एक खणखणीत टाळी वाजवा आणि टाळीनंतर पाच सेकंद गप्प राहा.

आता हेडफोनवर ऐका. शांत भागात एकाच सुरातला ‘हूं’ किंवा ‘झर्र’ असेल तर विजेकडे बघायचं. टाळीला शेपूट फुटत असेल, किंवा तिचे झिणझिणते तुकडे ऐकू येत असतील, तर खोली दोषी. बोलणं थांबल्यावर मागचा आवाज हळूहळू वर चढत असेल तर फोन स्वतःहून आवाज वाढवतोय. ‘पाटण, फलटण’ला भप्प-भप्प होत असेल तर माइक तोंडासमोर सरळ आहे, तो तोंडाच्या कोपऱ्याकडे, जरा तिरका धरला की हवा बाजूने निघून जाते आणि प्रश्न मिटतो. दुसऱ्या यादीतले स-श टोचत असतील तरी हाच तिरकेपणा उपयोगी पडतो.

यापैकी काहीही करण्याआधी एक गोष्ट मात्र बघाच: आपण लावलेला माइक खरोखर चालू आहे का? कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. जिथली खरखर मोठी येईल तो माइक रेकॉर्ड होतोय. कॉलर माइक शर्टाला लावलेला आणि रेकॉर्डिंग मात्र टेबलावरच्या फोनच्या माइकमधून, हा प्रकार फार आढळतो. कारण पिनेत असतं. पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती कॅमेऱ्यासाठीची. फोनला तीन रेघांची लागते. दोन रेघांची पिन फोनमध्ये घट्ट बसते, पण फोन तिला माइक म्हणून ओळखत नाही. टाइप-सी ॲडॉप्टर वापरत असाल तर त्याचीही हीच नखाची परीक्षा घ्या, कारण काही ॲडॉप्टर फक्त ऐकण्यापुरतेच असतात.

विजेची घरघर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे तिची घरघर ५० वर आणि पुढे १००, १५०, २०० अशा पटींत येते. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत भाग निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (कोणत्या सुरात किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडला की या जागी सुळके उभे राहिलेले दिसतात. ते दिसले तर शंका घ्यायला जागा नाही.

ती येते कुठून, हे एकेक वस्तू काढून शोधायचं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. थांबली नाही तर माइकच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावून पाहा. हात लावल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर घरचं अर्थिंग धड नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. हे काम वायरमनचं आहे. घरघर जावी म्हणून चार्जरची तिसरी पिन मोडून वापरू नका, त्यात जिवाला धोका आहे.

पंख्याचा रेग्युलेटर अनेकांच्या ध्यानात येत नाही. गोल बटणाचा, टप्प्यांशिवाय कुठेही थांबवता येणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करताना विजेची लहर मध्येच तोडतो. त्या तुटण्याचा झर्रकन आवाज वायरिंगमधून माइकच्या केबलमध्ये शिरतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद, मधलं काही नको. दिव्यांच्या डिमरलाही तेच लागू. माइकची केबल आणि विजेची वायर एकमेकींना चिकटून लांबवर नेऊ नका. दोघींत दोन फूट अंतर ठेवा, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की घरघरीचा सूर बदलतो. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, त्यामुळे ती जास्त करकरीत वाजते. एकाच उत्तराचा अर्धा भाग लाइटवर आणि अर्धा इन्व्हर्टरवर असेल तर जोड लपत नाही. अशा वेळी बोलणाऱ्याला थांबवा आणि तो प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारा. माणसं यावर नाराज होत नाहीत. दुसऱ्यांदा सांगताना बहुतेक जण जास्त नेटकं सांगतात.

फोन एअरप्लेन मोडवर टाकणं हा वेगळा मुद्दा. जावळी-पाटणच्या खोऱ्यात रेंज कमी असली की फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त ताकदीने संदेश सोडतो आणि ‘टिर्र टिर्र’ असा आवाज केबलमध्ये उतरतो. खोलीतल्या प्रत्येकाचा फोन एअरप्लेन मोडवर हवा, फक्त तुमचा नव्हे.

रेकॉर्ड होऊन गेलेली घरघर काढता येते, कारण तिची जागा ठरलेली आहे. ऑडॅसिटीत ‘नॉच फिल्टर’ घ्या, तो ठरवलेल्या एकाच सुराभोवतीचा पट्टा कापतो. त्यात आधीपासून ६० हर्ट्झ भरलेलं असतं, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. ते ५० करा. खालचा ‘क्यू’चा आकडा (जितका मोठा तितका पट्टा अरुंद) १ असतो, तो २५-३० करा. मग हेच १०० आणि १५० साठी पुन्हा करा. क्यू वाढवला नाही तर फिल्टर रुंद पट्टा कापतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्येच असल्यामुळे घरघरीबरोबर आवाजाचा भरीवपणाही जातो.

घुमणारा आवाज

याला नंतरचा उपाय जवळपास नाही, म्हणून इथे जास्त वेळ द्यावा लागतो.

आरसीसीचा स्लॅब, खाली चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, काचेच्या खिडक्या: आजच्या घराची बैठकीची खोली म्हणजे सहा कठीण बाजू. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत सरळही येतो आणि या सहा बाजूंवर आदळूनही येतो. सरळ येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने घटतो. आदळून येणारा सगळ्या खोलीत पसरलेला असतो, तो अंतरानुसार फारसा बदलत नाही. म्हणजे एक मीटरवरचा माइक २५ सेंटिमीटरवर आणला तर बोलणं घुमण्याच्या तुलनेत १२ डेसिबलने वर येतं. माइक बदलून इतका फरक मिळत नाही, आणि याला खर्च काहीच नाही.

तेव्हा माप लक्षात ठेवा: एक वीत. हनुवटीपासून माइक एक वीत. हातातला असो, स्टँडवरचा असो, की कॉलरचा. कॉलर माइक छातीच्या वरच्या हाडाशी येतो तिथे लावा. तो पोटाकडे घसरला की आवाज हनुवटीखालून गुदमरलेला येतो. साडीचा पदर आणि कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट दोन्ही घासतात. माइकमागे कापडाला चिकटपट्टी लावून कापड ताणून धरलं की खसखस थांबते. मंगळसूत्र किंवा माळ माइकवर आपटते का हेही बघून घ्या आणि विचारून बाजूला करायला सांगा.

जागा निवडायची मुभा असेल तर पाहुण्यांना बसवतात ती खोली सोडा. सोप्यापेक्षा माजघर बरं, आणि गाद्या-वाकळांची थप्पी किंवा धान्याची पोती असलेली आतली खोली सर्वांत उत्तम. पोत्यांची ओबडधोबड, मऊ रास आवाज शोषते आणि उरलेला विखरून टाकते. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल, सुट्टीतला शाळेचा वर्ग या जागा मोकळ्या मिळतात म्हणून मोह होतो, पण घुमण्याच्या बाबतीत यांच्याइतक्या वाईट जागा नाहीत. बाहेरच बसणं भाग असेल तर बंद चारचाकी गाडी हा उत्तम स्टुडिओ आहे: इंजिन बंद, एसी बंद, काचा वर. सीटच्या गाद्या आणि छताचं अस्तर काम चोख करतात. गाडी उन्हात नको, माणूस उकडून हैराण होतो.

वाकळ कुठे टांगायची यात हमखास गल्लत होते. लोक ती माइकच्या मागे लावतात. पॉडकास्टसाठी वापरतात ते बहुतेक स्टँडवरचे माइक समोरून जास्त आणि मागून फार कमी ऐकतात. माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असतं. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकमध्ये जातो. म्हणून वाकळ बोलणाऱ्याच्या पाठीमागे हवी. दोन असतील तर दुसरी बाजूच्या जवळच्या भिंतीवर. भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे टांगा. त्या पोकळीमुळे खालचे, जाड सूरही थोडे शोषले जातात. घोंगडं मिळालं तर फारच छान, त्याची जाड लोकर पातळ चादरीपेक्षा कितीतरी जास्त काम करते. टेबलाचा कठीण पृष्ठभाग विसरू नका, त्यावर घडी घातलेला टॉवेल पसरा. अंड्यांचे ट्रे लावण्यात वेळ घालवू नका. ते आणि इंचभर जाडीचे फोमचे तुकडे फक्त वरचे सूर खातात. ढबढब तशीच राहते आणि खोली उलट कोंदट वाजते.

दोन माणसांना दोन माइक दिले आणि तरी आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्याही माइकमध्ये किंचित उशिरा पोहोचतंय. दोन माइकांमधलं अंतर हे तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. तोंडापासून एक वीत, तर माइकांमध्ये तीन विती. शिवाय एडिट करताना जो बोलत नाही त्याचा ट्रॅक खाली घ्या.

घुमणं काढून देणारी एआयवर चालणारी साधनं आता आहेत, आणि काही वेळा ती चकित करणारा आवाज काढून देतात. पण ती आवाज स्वच्छ करता करता काही भाग नव्याने घडवतात. जिथे मूळ अस्पष्ट असतं तिथे व्यंजन बदलू शकतं, शब्दाची शेपटी गिळली जाऊ शकते. माणदेशी बोलीतल्या म्हातारीचं बोलणं अशा साधनातून काढलं तर मूळ फाइल शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहा. तिने न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडी जाऊन चालणार नाही.

फोनची स्वतःची हुशारी

फोनमधले रेकॉर्डर बोलणं हळू झालं की आपोआप आवाज वाढवतात आणि मोठं झालं की दाबतात. कॉलसाठी हे ठीक. गोष्ट सांगणाऱ्या माणसासाठी हे घातक, कारण गोष्टीतली शांतता पंख्याच्या आवाजाने भरून निघते. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, हाताने ठरवता येईल असं ॲप घ्या आणि त्यातलं ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन (मागचा आवाज आपोआप दाबणं) बंद करा. फाइलच्या सेटिंगमध्ये वेव्ह (WAV), ४८ किलोहर्ट्झ आणि जमल्यास २४ बिट निवडा.

लेव्हल ठरवताना नुसतं नाव-गाव विचारून भागत नाही. सांगलीत २०१९ च्या महापुराबद्दल बोलणारा माणूस आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर गेलं हे ठणठणीत आवाजात सांगतो. गोठ्यातलं जनावर दावं सोडून तसंच मागे ठेवावं लागलं, हे सांगताना त्याच माणसाचा आवाज जवळजवळ ओठांतच राहतो. मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द; नेहमीचं बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठं हसणं उणे ६ च्या खाली राहील असा गेन सुरुवातीलाच ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. आवाज खाली गेला म्हणून मध्येच गेन वाढवला तर मागची खोलीही वाढते आणि ते ऐकू येतं. २४ बिटच्या फाइलमध्ये हळू बोलणं नंतर वर उचलता येतं. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही.

वारा, पाणी, चरक

कास, सज्जनगड, चाळकेवाडीचं पठार इथे रेकॉर्ड करणाऱ्यांची फाइल सहसा ‘भुर्र-भुर्र’ने भरलेली असते. माइकसोबत येणारा फोमचा बोंडा ‘भप्प’ थांबवतो, पठारावरचा वारा नाही. त्याला केसाळ आवरण लागतं. बोलणाऱ्याला वाऱ्याकडे पाठ करून उभं करा, म्हणजे त्याच्या अंगाचाच आडोसा होतो. रेकॉर्डरवर ‘लो कट’ (खालचे, जाड सूर कापणारी सोय) असेल तर चालू करा. वाऱ्याची ताकद मुख्यतः खालच्या सुरांत असते. गड-पठारावर शक्य तितक्या सकाळी काम उरका, दुपारकडे वारा वाढतो.

ठोसेघरच्या धबधब्यासमोर उभं राहून बोलू नका. पावसाळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज सगळ्या सुरांत पसरलेला असतो, बोलण्याच्या सुरांतही. नंतर त्याला बोलण्यापासून सोडवता येत नाही. वळणामागे, जिथे पाणी मंद ऐकू येतं तिथे माणसाचं बोलणं घ्या. मग एकट्याने जाऊन पाण्याचा आवाज तीन अंतरांवरून घ्या: लांबून, मधून आणि एखाद्या दगडावरून वाहणाऱ्या बारक्या धारेशी अगदी जवळून. प्रत्येक ठिकाणी सलग दोन मिनिटं, मध्ये बोलणं नाही. एडिट करताना पाण्याचा ट्रॅक बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवा. माणूस बोलू लागण्याआधी दोन-तीन सेकंद तो एकटा ऐकू येऊ द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला जागा कळते आणि नंतर पाणी मंद झालं तरी ती जागा मनात राहते.

गुऱ्हाळाचंही असंच. चरक चालू असताना बोलण्याचा हट्ट धरला तर हाती फक्त मोटारीचा आवाज लागतो. गुळव्याला निवांत वेळ मिळतो तो काहील उतरवून गूळ वाफ्यात ओतल्यावर. तेव्हा चरक बंद असेल असं आधी बोलून ठेवा आणि बोलणं तेव्हा घ्या. चरक, चिपाडं ओढल्याची खसखस, उकळत्या रसाची गदगद हे सगळं वेगवेगळं घ्या. काहिलीच्या थेट वर माइक धरू नका. वाफेचं पाणी कंडेन्सर माइकच्या (या नाजूक जातीच्या माइकच्या) पडद्यावर बसलं की फुटाणे फुटल्यासारखे आवाज येतात आणि माइक पूर्ण वाळेपर्यंत ते जात नाहीत. दोन-तीन फूट बाजूने, वाफेच्या वाटेबाहेरून धरा.

आणि प्रत्येक जागी निघण्याआधी अर्धा ते एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ज्या खुर्चीत माणूस बसला होता तिथेच, माइक आहे तसाच, माणसंही खोलीतच. एडिटमध्ये ‘अं’ काढलं, वाक्य पुढे-मागे केलं की तिथे एक पोकळी उरते आणि जोड दिसतो. ही शांतता त्या पोकळीत भरतात. तिच्याशिवाय जोड लपवायला दुसरं काही चालत नाही. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यालगतच्या घरी तर ती दोनदा घ्यावी लागते, कारण एखादी ट्रॅक्टर-ट्रॉली तिच्यात हमखास शिरते.

तानपुरा घरघर नव्हे

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकरांवर भाग करायला जाणाऱ्यांची फाइल मात्र एका विशिष्ट पद्धतीने बिघडते: तानपुऱ्याचा सूर तुटक, पाण्याखालून आल्यासारखा होतो, कधी कधी पूर्ण नाहीसाच होतो. यात वाद्याचा दोष नाही आणि माइकचाही नाही. नॉइज रिडक्शन (मागचा आवाज काढणारं साधन) ‘जे सतत आणि बदलत नाही ते नको असलेलं’ एवढंच जाणतं. तानपुरा नेमका तसाच वाजतो. फोनमधलं नॉइज सप्रेशन, व्हिडिओ कॉलमधलं सप्रेशन, एआयची साधनं, सगळी त्यालाच आधी खातात. झूमवर वाद्य ऐकवायचं असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर वर सांगितलेलं सप्रेशन बंद आहे ना, हे पुन्हा एकदा बघा.

लो कटचाही इथे फटका बसतो. बोलण्यासाठी ८०-१०० हर्ट्झखालचं कापलं तर फार बिघडत नाही. पण काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाचा, म्हणजे सर्वांत जाड तारेचा, मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. लो कट चालू राहिला तर खर्जाचा पाया जातो आणि उरते ती नुसती जवारीची, म्हणजे घोडीच्या घासून आकार दिलेल्या माथ्यावर तार टेकून उठणारी, झणझण. वाद्यासाठी लो कट बंद करा आणि माइक घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपासून) ४०-५० सेंटिमीटरवर ठेवा. कारागीर जवारी काढतो ते घासणं फार हळू असतं. तिथे माइक जवळ आणा, पण कानशीच्या वाटेत नको. दोन-चार वेळा घासून तो तार छेडून बघतो, पुन्हा घासतो, पुन्हा छेडतो. प्रत्येक वेळी सूर थोडा मोकळा होत जातो. हा सगळा भाग न तोडता, कारागीर काही न बोलता, सलग घ्या. ऐकणाऱ्याला जवारी म्हणजे काय ते यातून कळतं, निवेदनाच्या पाच ओळींतून कळत नाही.

एडिटमधला क्रम

पुष्कळ जण आधी आवाज मोठा करतात आणि मग घरघर काढायला बसतात. कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणं) हळू आवाज वर उचलतं, त्यामुळे घरघरही वर येते. क्रम असा ठेवा: लो कट (पुरुषांच्या बोलण्याला ८०, स्त्रियांच्या १०० हर्ट्झ), मग नॉच, मग गरज असेल तरच नॉइज रिडक्शन, त्यानंतर इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणं), कॉम्प्रेशन, आणि सगळ्यात शेवटी एकूण लाउडनेस.

नॉइज रिडक्शनमध्ये खोलीची शांतता निवडून तिचा नमुना (प्रोफाइल) घ्या आणि ६ ते ९ डेसिबलवर थांबा. मग ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून ऐका. त्यात फक्त काढून टाकला जाणारा आवाज ऐकू येतो. तिथे बोलण्याचे तुकडे ऐकू आले तर तुम्ही माणसाचा आवाज कापताय, आकडा कमी करा. थोडी घरघर राहिली तरी चालते, ऐकणारे तिला लवकर सरावतात. बुडबुड्यांतून आल्यासारखं बोलणं कुणी पाच मिनिटंही ऐकत नाही.

शेवटचं लाउडनेस उणे १६ एलयूएफएस (एकूण ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा क्षण, उणे १ डेसिबल. ऑडॅसिटीत मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेल्या) फाइलसाठी ‘ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो’वर खूण असू द्या. तयार फाइल फोनच्या बारक्या स्पीकरवर, शेजारी मिक्सर किंवा टीव्ही चालू असताना एकदा ऐका. शब्द कळले तर ठीक. कळले नाहीत तर जागेच्या आवाजाचा ट्रॅक अजून ३ डेसिबल खाली घ्या.

एवढं करूनही एखादी मुलाखत वाचत नाही. घुमणं इतकं असतं की शब्द लागत नाहीत, किंवा उत्तराच्या ऐन मध्यावर आवाज फाटलेला असतो. माणूस पुन्हा भेटणार असेल तर जाऊन पुन्हा घ्या. आधीचं उत्तर ऐकवू नका, नाहीतर तो पाठ म्हणतो. भेटणार नसेल तर माहिती निवेदकाच्या तोंडी घाला आणि त्या माणसाच्या आवाजातली फक्त ती दोन-तीन वाक्यं ठेवा जी दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाहीत. वाईट रेकॉर्डिंगची सलग दहा मिनिटं ऐकवत नाहीत. तेच पंधरा सेकंद, आधी निवेदकाने काय ऐकू येणार आहे ते सांगून ठेवलं असेल, तर नीट कळतात.